बर्फाची कवायत

"बर्फावर घाई बिलकुल चालत न्हाई," असं तो तळहाताने हवा हळूच खाली दाबत सांगायचा. जालन्याच्या वैशाखात हे ऐकणाऱ्याला काय वाटत असेल, तुम्हीच बघा.

तो आमच्या कापसाच्या जिनिंगचा दरवान, मी तिथला कारकून. दुसऱ्या महायुद्धात तो बदनापूरकडून इंग्रजांच्या फौजेत गेला होता. तिथे त्याला सबंध हिवाळा काश्मिरात बर्फातली लढाई शिकवली. पायाला फळ्या बांधून घसरायचं, बर्फात खंदक खणायचे, गाडला गेलेला माणूस हुडकायचा. गडी शिकून तयार झाला आणि पलटण धाडली ब्रह्मदेशाच्या चिखलात. सरकारी कारभार म्हणतात तो हाच.

निजामाच्या राज्यात बर्फ दिसायचा तो सरबतात. हमाल त्याला रोज विचारायचे, आज किती पडलं? पडलं की सांगतो, म्हणायचा. गंमत म्हणजे पौषात शेकोटीला सगळ्यांच्या आधी हाच. मी एकदा टोकलं.

"तिथली थंडी हुकमानं यायची, मुन्शीजी. हितली बेशिस्त हाय."

आमच्याकडच्या कामकरी बाया कापूस वरून काढायचा कंटाळा करत, ढिगाच्या पायथ्यातूनच ओढत. एका दुपारी गोदामातला ढीग ढासळला आणि त्यांच्यातली गंगूबाई आत गाडली गेली. आम्ही ओरडत ढिगावर चढलो. मदतीच्या नावाखाली तिच्याच अंगावर नाचत होतो म्हणा ना.

"उतरा खाली. कुणी बोलू नका," तो म्हणाला. त्याने आम्हा चौघांना रांगेत उभं केलं, हातात बारीक, लांब बांबू दिले. एक पाऊल, एक टोचा. "हळू. माणूस लागला की हाताला बराबर कळतंय."

तिसऱ्या पावलाला माझ्या हाताला कळलं. सगळ्यांनी मिळून तिथला कापूस उपसला. गंगूबाई निळी पडली होती, पण श्वास चालू होता.

संध्याकाळी मॅनेजरने त्याला बोलावून विचारलं, फाटक सोडून आत गेलास कुणाच्या परवानगीने? चुकी झाली, असं म्हणून तो फाटकावर परत गेला. मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या चैत्रात तो गावी गेला आणि ऊन लागून वारला. बातमी आली तेव्हा आम्ही फाटकापाशीच होतो. मुकादम हळहळला.

"बिचाऱ्याचं सारं शिकणं वाया गेलं. बर्फातली एक लढाई न्हाई मिळाली त्याला."

गंगूबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"मंग मी कोण हाय?"