सरणाच्या लाकडावरच्या माशा

सासरे चांगले हिंडतेफिरते असताना मी त्यांचं सरण जाळलं, आणि त्यावर तापवलेल्या पाण्यानं त्यांनी आंघोळही केली.

परवा नातीनं मोबाईलवर एका माशीचा फोटो दाखवला. म्हणाली, "आजी, ही सडक्या लाकडावर राहते, काही करत नाही." मी म्हटलं, हे चाळीस वर्षं आधी सांगायचं होतंस.

लग्न होऊन पवनारला आले तेव्हा गोठ्याच्या भिंतीलगत आंब्याचं एक जाड खोड आडवं पडलेलं होतं. सासऱ्यांनी ते स्वतःसाठी राखलेलं. "मी गेलो त्या दिवशी लोकायच्या दारी लाकडं मागत फिरू नोका," असं ते आल्यागेल्याला सांगत. पण जायची त्यांना घाई नव्हती. खोड पावसात कुजलं, साल सुटली, आणि सासरे रोज सकाळी त्यावरच बसून दात घासत.

एका श्रावणात त्यावर माशा आल्या. लांबुडक्या, काळ्या-पिवळ्या, गांधीलमाशीचं सोंग घेतलेल्या; पण डसत नव्हत्या. सासरे उठले की नेमक्या त्यांच्या जागेवर फिरत. मी दहावी पास सून. त्या शिक्षणाच्या जोरावर ठरवलं, माशा माणूस गेल्यावर येतात. या जरा लवकर आल्या, जागा धरायला. घरात माझ्या बाजूनं बोलणारं सासरे हे एकच माणूस. भाजी खारट झाली तरी गुमान खाणारं. लाकूडच नसलं तर ते मरतील कसे, हे मला फार पटलं.

ते बसनं वर्ध्याला गेले तशी मी सबल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली. खोड टोस्टासारखं तुटलं. सालीखाली चपट्या अळ्या. कोंबड्यांची दिवाळी झाली. दिवसभर चुलीत तुकडे कोंबत राहिले. धूर बघून शेजारीण आली.

"काऊन वो, काय शिजवून राह्यली?"

"पाणी," मी म्हटलं.

संध्याकाळी सासरे आले, आंघोळ केली, "आज पाणी मस्त तापलं" म्हणाले. अंग पुसत गोठ्याकडे गेले आणि तसेच परत फिरले. मी रडत सगळं सांगितलं, माशांसकट.

"त्या लाकडाले आल्या होत्या, बाई. मले नाई."

मग चुलीतल्या राखेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माहेरची बस.

"लाकूड तुनं जाळलं, आता आंब्याची कोय बी तूच लाव. झाड कापाजोगं होईस्तोवर मी काई मरत नाई."