धाकट्या शेठचे हक्क

वाशीमच्या बाजारात दोन जैन भावांचं शेती अवजारांचं दुकान आहे. मालाच्या नोंदींचा डेटाबेस त्यांना मीच बसवून दिला. त्यात कुणाला काय करता यावं हे ठरवायचे हक्क दोघांनाच, मला आणि मोठ्या शेठना. मोठ्या भावाला कमी हक्क कसे द्यायचे, असं धाकटाच म्हणाला होता.

एक दिवस धाकट्याचा फोन आला, चुकलेली नोंद पुसता येईना. मी जाऊन वापरकर्त्यांचं पान उघडलं, तर त्याच्या नावापुढची पुसण्याच्या हक्काची खूण गायब. म्हटलं, झाली असेल गडबड. खूण केली, चहा घेतला, आले.

दुसऱ्या दिवशी पुसणंही बंद, बदलणंही बंद. परत दिलं. मग नवी नोंद करणंही गेलं. "ताई, आता नुसतं दिसते, हात लावता येत नाही," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. यंत्र असं बेतानं बिघडतं का कधी? पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं.

मग मी लॉग सुरू केला. कुठल्या खात्यातून कोणता आदेश गेला, ते त्यात कळतं. सकाळी पाहिलं, तर हक्क काढायचा आदेश एकाच खात्यातून गेलेला. मोठ्या शेठचं खातं!

धाकट्याला बाजूला घेऊन मी स्पष्टच सांगितलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे तुमच्या भाईसाबचंच काम आहे."

तो हसला. "काहीतरीच काय बोलून राह्यल्या ताई! पासवर्ड चोरला असंन कोणी. भाईसाब मले सोडून जेवत नाहीत, अन् हे करतीन?"

तेही खरंच होतं. दिवस मावळल्यावर दोघंही जेवत नसत. संध्याकाळचा डबा घरून दुकानात यायचा. धाकट्याला गावाहून यायला उशीर झाला, की मोठे शेठ डबा न उघडता उपाशीच झोपायचे. मी स्वतः पाहिलं होतं, म्हणून चोरीचंच धरून चालले. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

मोठ्या शेठचा पासवर्ड बदलायला गेले, तेव्हा धाकटा केनवडला पंप पोचवायला गेला होता. "कोणी चोरला असेल," मी म्हटलं.

"कायले बदलता? माह्याशिवाय कोणाले माहीत नाही." त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळ होत आली, ऊन समोरच्या पत्र्यावर चढलं. डबा आला. मोठ्या शेठनी रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले, डबा उघडला, शांतपणे जेवले. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

तेवढ्यात धाकटा धापा टाकत आला. "भाईसाब, उजेडात पोचलो बरं का! चला, बसू."

हात धुऊन त्यानं झाकण काढलं. पोळ्या अर्ध्या, भाजी अर्धी.

"तुह्या हिश्श्याचं ठेवलं हाय," मोठे शेठ म्हणाले.

बाहेर ऊन होतं अजून. धाकट्यानं झाकण परत लावलं आणि माझ्याकडे वळला.

"ताई, ते हक्क आता परत देऊ नका."