कौतिकाबुढीचा कोंडवाडा

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. दिपोटीसाहेब चौथीच्या मुलांना नद्यांची नावं विचारत होते आणि मी फळ्याशेजारी हात बांधून उभी होते. तेवढ्यात चंद्रभागा दारात आली. डोक्यावरचा पदर घसरलेला, पाय धुळीनं माखलेले. मी तिला हातानंच थांब म्हटलं, पण ती थांबली नाही. "मास्तरीनबाई, बुढी गेली," ती म्हणाली. "तालुक्याच्या मोटारस्टँडवर बसल्या जागी गेली." साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, कोण गेलं? आमचे मुख्याध्यापक घाईनं पुढं झाले. "काही नाही साहेब, गावातली एक म्हातारी." ... काही नाही. सव्वा महिना झाला, ते दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत.

ती म्हातारी म्हणजे कौतिकाबाई. रिसोडहून मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात सगळे तिला कौतिकाबुढीच म्हणत. नवरा कापसाच्या जिनात कामाला होता, तो तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. गावच्या धर्मशाळेची झाडलोट करायची, रांजण भरून ठेवायचा आणि कुलपाची किल्ली कमरेला लावून हिंडायचं, हे काम तिनं वीस वर्षं केलं. धर्मशाळेचा नियम असा की वाटसरूनं तीन दिवस राहावं आणि पुढं जावं. पण ज्यांना पुढं जायला जागाच नाही, त्यांचं काय? नियम करणाऱ्या पंचांना हा प्रश्न पडला नव्हता. बुढीला पडला. चौथ्या दिवशी ती अशा माणसांना मागच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत हलवायची आणि विचारायला कुणी आलं तर सांगायची, "तथी उंदरं हायेत, तुमी जाऊ नोका."

तिची नि माझी ओळख झाली ती चंद्रभागेमुळं. दोन्ही मुलीच झाल्या म्हणून सासरच्यांनी चंद्रभागेला मोटारीत बसवून दिलं होतं, आणि सख्ख्या भावानं दारातूनच परत पाठवलं होतं. बुढी आधी त्या भावाकडं पायी जाऊन आली, मग सासरी जाऊन आली. दोन्हीकडून शिव्या खाऊन परतल्यावर तिनं चंद्रभागेला जिनात सरकी निवडायच्या कामाला लावलं आणि दोन्ही मुलींना हाताला धरून माझ्या वर्गात आणलं. "ह्या पोरीयचं नाव लिव," ती मला म्हणाली. मी म्हटलं, वडिलांची सही लागेल. "बाप असता तं मी कायले आली असती?" तिनं विचारलं. मी नावं लिहिली. त्यानंतर अशी किती मुलं ती घेऊन आली, मला आठवत नाही. किसन नावाचा एक सालदार विहिरीच्या कामावर पाय मोडून घेऊन पडला. मालकानं त्याची शेतातली झोपडी नव्या सालदाराला देऊन टाकली आणि किसन, त्याची बायको गोदी आणि तीन लेकरं रस्त्यावर आली. बुढीनं त्यांनाही आत घेतलं. किसनला अंबाडीचे दोर वळायला बसवलं. "पाय गेला, हात हायेत ना?" एवढंच ती त्याला म्हणाली. दृष्टी गेलेले रहीमचाचा तर त्याच्याही आधीपासून होते. कुणाला काम, कुणाला नातेवाईक, कुणाला दवाखाना... बुढी शोधत हिंडायची. कोणत्याही संस्थेनं तिला हे काम सांगितलं नव्हतं. पगार झाडलोटीचा होता.

मग पंचांनी ठरवलं की धर्मशाळा पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे. मोटारस्टँड जवळ, जागा मोक्याची. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी बुढीकडून किल्ली काढून घेतली आणि माणसांची गाठोडी ओट्यावर आणून ठेवली. गोदीला तेव्हा सातवा महिना होता. बुढी पंचांचे प्रमुख अण्णाजी यांच्यासमोर उभी राहिली. "अण्णाजी, पाडाले दोन महिने हायेत अजून. ह्या बाईचं बाळंतपन तं होऊ द्या." अण्णाजी म्हणाले, "ही धर्मशाळा आहे, अनाथालय नाही." मी शाळेतून घरी येत होते, ओट्यासमोरून गेले, हे सगळं कानांनी ऐकलं आणि घरी जाऊन भाजी चिरायला घेतली.

बुढी त्या सगळ्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेली. घर म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्या. नऊ माणसं तिथं राहू लागली, एका चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक होऊ लागला आणि गल्लीचं पोट दुखू लागलं. माणसं नाना जातींची, त्यात एक मुसलमान, त्यात नवऱ्यानं टाकलेली बाई... गल्लीतल्या प्रतिष्ठितांनी म्युनिसिपालटीकडं अर्ज करायचं ठरवलं. अर्ज सुवाच्य हवा, म्हणून ते माझ्याकडं आले. आमचे हे म्हणाले, लिहून दे, उगाच वाईटपणा कशाला? आणि मी लिहून दिला. 'सदर ठिकाणी नाना जातींचे बेवारशी लोक एकत्र राहत असून त्यामुळे सार्वजनिक आरोग्यास व नीतीस धोका उत्पन्न झाला आहे.' हे वाक्य माझं आहे. मला ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं 'घाण होते' म्हटलं होतं. नीती मी घातली. आज हा लेख वाचून गावातले लोक चिडतील, तर त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की इतरांबद्दल लिहिताना मी स्वतःला वगळलेलं नाही.

आठ दिवसांनी बुढी हातात तोच अर्ज घेऊन माझ्याकडं आली. म्युनिसिपालटीनं ती माणसं हलवण्याच्या नोटिशीला जोडून तो तिलाच धाडला होता. तिला वाचता येत नव्हतं. "वाच वं मास्तरीन, काय म्हनून राह्यले मले," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. मी वाचायला सुरुवात केली. 'बेवारशी'पर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. मग मी सांगून टाकलं, "कौतिकाबाई, हे मीच लिहिलंय." मला वाटलं ती थुंकेल, शिव्या देईल. तिनं कागद परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाच समदं. मले समदं ऐकाचं हाय." मी शेवटपर्यंत वाचलं. 'नीती' हा शब्द तिनं दोनदा म्हणवून घेतला. उठताना म्हणाली, "तुह्या हातचं लिवलेलं सरकार वाचते, हे तं समजलं. मंग आता दुसरा लिव."

तो दुसरा अर्ज मी लिहिला. गावाबाहेर जुना कोंडवाडा होता. मोकाट जनावरं कोंडायला नवा बांधल्यापासून तो ओस पडला होता. दगडी भिंती, अर्ध्या भागावर पत्रे. तो राहायला मिळावा असा अर्ज घेऊन आम्ही दोघी तालुक्याच्या कचेरीत सात वेळा गेलो. सातव्या खेपेला एका भल्या नायब तहसीलदारानं तीन वर्षांचा परवाना दिला. इकडं गोदी बाळंत झाली ती बुढीच्या दोन खोल्यांतच, नोटिशीची मुदत संपायच्या आदल्या सकाळी. मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळंतिणीला बैलांच्या दमणीत घालून सगळे कोंडवाड्यात गेले. जनावरांच्या जागी माणसं राहायला गेली म्हणून गल्लीत काही जण हसले. बुढीनं शेण काढलं, जमीन सारवली, पत्र्यांखाली तुराट्यांचे कूड उभे केले. तीन वर्षांत तिथं किती कुटुंबं आली, सावरली आणि निघून गेली. चंद्रभागेची थोरली चौथीत पहिली आली. किसनचे दोर बाजारात नावानं विकले जायला लागले.

या चैत्रात परवान्याची मुदत संपत आली. राज्य बदललं होतं, कारभार नागपूरकडून मुंबईकडं गेला होता, आणि कचेरीत जो तो म्हणत होता की फाइल कुठं आहे ते माहीत नाही. वैशाखात बुढी तीन दिवस ओळीनं गेली. सकाळच्या मोटारीनं जायची, साहेब दौऱ्यावर आहेत असं ऐकायची, तरी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची. शिपाई तिला सावलीतून उठवायचा, कारण ती जागा वकिलांच्या पक्षकारांची होती. तिसऱ्या दिवशी मी सोबत जायचं कबूल केलं होतं. पण तपासणी आली. मी म्हटलं, उद्या जाऊ. ती म्हणाली, "तू शाळा पाय. मी जातो चंद्रभागेले घेऊन." आणि गेली. उन्हात स्टँडपर्यंत आली, पाणी मागितलं, चंद्रभागा पाणी आणायला गेली तेवढ्यात... डॉक्टरांनी ऊन लागल्याचं कारण लिहिलं. मला ते कारण पटत नाही. ऊन सगळ्यांनाच लागत होतं. व्हरांड्यातून उठवलं फक्त तिला.

तेराव्या दिवशी गावानं शोकसभा घेतली. अण्णाजी अध्यक्ष. ते म्हणाले, कौतिकामाता ही आपल्या गावाचं भूषण होती, आणि धर्मशाळेच्या जागी उभ्या राहिलेल्या गाळ्यांवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी लावण्यात येईल. टाळ्या पडल्या. मी आयुष्यात कधी सभेत उभी राहिले नव्हते. उभी राहिले. "पाटी नको," मी म्हटलं. "मागचे दोन गाळे अजून रिकामे आहेत, त्यांच्या किल्ल्या द्या. बाहेर सभेला आलेली तिची माणसं उन्हात बसली आहेत." कुणीतरी म्हणालं, बाई, ही जागा राजकारणाची नाही. आमचे हे मान खाली घालून बसले. अण्णाजींनी आभार मानून सभा संपवली. किल्ल्या मिळाल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात म्युनिसिपालटीची माणसं कोंडवाड्याला कुलूप घालायला आली, तेव्हा गोदी तीन वर्षांच्या लेकीला काखेत घेऊन दारात आडवी बसली. रहीमचाचा तिच्या शेजारी जाऊन बसले. मग चंद्रभागा, मग सगळेच. माणसं कुलूप घेऊन परत गेली. ती पुन्हा येतील. फाइल अजून सापडलेली नाही. मी दर शनिवारी कचेरीत जाते, आणि सावलीतच बसते. मला शिपाई उठवत नाही. माझं लुगडं स्वच्छ असतं.

परवा सायंकाळी कोंडवाड्यात गेले होते. दारालगतचा कोपरा बुढीचा. तिथं तिचं घोंगडं गुंडाळून भिंतीशी ठेवलं होतं, आणि मला वाटलं होतं, तो कोपरा आता हे लोक तसाच राखतील. मी पोचले तेव्हा आसेगावकडून एक जोडपं नुकतंच आलं होतं. आगीत खोपटं जळालेलं, बाईच्या पदराला राख, कडेला तान्हं. चंद्रभागेनं काही विचारलं नाही. तिनं ते घोंगडं उचललं, झटकलं आणि त्याच कोपऱ्यात पसरलं. मी तिला थांबवणारच होते. नवी बाई अवघडून उभीच होती. "अथी कोनाची जागा हाय?" तिनं विचारलं.

"तुमचीच," चंद्रभागा म्हणाली. "लेकराले टेकव आन् हात धू. भाकर थंडी होऊन राह्यली."