गाळलेलं एक वाक्य

अंधेरीचा हॉल, रविवारची दुपार, आणि इंदूच्या हातापुढून तिसऱ्यांदा बॉल निघून गेला… समोर सिंगापूरहून आलेला क्लब होता. दुसरा सेटही आम्ही १५-४ असा घालवला.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. उपनगरांतल्या वेगवेगळ्या क्लबांमधून बारा मुली निवडून आमचा एक व्हॉलीबॉल संघ केला होता, खास परदेशी क्लबांशी खेळायला. या सामन्यानंतर त्यातल्या दहाच जणी कोलंबोच्या स्पर्धेला जाणार होत्या. निवड करणारे तिघे पहिल्या रांगेत वह्या उघडून बसले होते…

इंदू खारदांड्याची. आई मासळी विकायची, आणि ही किनाऱ्यावरच्या वाळूत खेळून वाढलेली. मी बॉल वर उचलून द्यायचा आणि तिने तो पलीकडे आपटायचा, अशी आमची जोडी. तिचे वार असे वाया जाताना मी कधी पाहिले नव्हते… पण तिला बूट घालून सामना खेळतानाही कधी पाहिलं नव्हतं.

बूट घालायला मी लावले होते.

मी घाटकोपरची. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा मिळेल ते काम करायचे, आणि मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्यामुळे नियमांचं इंग्रजी पुस्तक आमच्या कोच सरांनी माझ्याच हातात दिलं होतं. "तू शिकलेली आहेस, तू वाच आणि पोरींना समजावून सांग." कॅप्टनही मलाच केलं, कारण सामन्यात रेफरीशी फक्त कॅप्टनच बोलू शकते.

रोज प्रॅक्टिस संपली की मी एकेक नियम मराठीत सांगायचे. इतक्या मन लावून, की "आल्या मास्तरीणबाई" म्हणून मुली हसायच्या. त्या सगळ्या पुस्तकातलं एकच वाक्य मी गाळलं… रेफरीने परवानगी दिली तर खेळाडूला अनवाणी खेळता येतं.

विसरले नव्हते. वाटलं, त्या मुली पांढरे बूट घालून, गुडघ्याला पॅड बांधून येणार, आणि आमची एक अनवाणी… आपल्या देशाला काय म्हणतील? "बूट नाही घातले तर नाही का गं चालणार?" असं इंदूने एकदा विचारलंही होतं. "नियम आहे," मी म्हटलं. तिने विश्वास ठेवला, आणि आठ दिवस नव्या बुटांत पाय सोलून घेतले.

दुसरा सेट संपल्यावर सर म्हणाले, "इंदू, तू बस आता. मुलुंडची पोरगी उतरेल." पहिल्या रांगेतल्या एकाने वहीत काहीतरी खोडलं… मला तरी तसंच दिसलं.

बाकावर बसून इंदूने बूट काढले. मोज्याला टाचेशी रक्त लागलं होतं. मागून तिच्या आईचा खणखणीत आवाज आला, "माझ्या पोरीचं पाय कोनी बांधलं गो?" चार लोक हसले.

सेट सुरू व्हायला मिनिटभर उरलं होतं. "सर, तिला बदलू नका, मी आलेच," एवढंच म्हणून मी रेफरीकडे चालत गेले. आमची एक खेळाडू अनवाणी खेळली तर चालेल का, असं विचारलं. नियमात आहे, तो म्हणाला… पण मग सामन्याआधी का नाही विचारलंत?

माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. किती सोपं होतं… पण मी म्हटलं, "माहीत होतं. मला लाज वाटली." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या इंदूच्या टाचांकडे. आणि मान हलवली.

खरं अवघड पुढेच होतं. त्याला इंग्रजीत सांगितलेलं तिला मराठीत सांगायचं होतं. "इंदू, अनवाणी चालतं. मला आधीपासून ठाऊक होतं… मी सांगितलं नाही."

आता कानाखाली बसणार, असं वाटलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. "रडायचं ते नंतर रड," ती उठत म्हणाली. "आधी बॉल नीट दे. उंच दे."

तेव्हा आपली सर्व्हिस असेल तरच पॉइंट मिळायचा, त्यामुळे एकेक पॉइंटासाठी जीव टांगणीला लागायचा. अकरा-अकरा… तेरा-तेरा… मग आम्ही चौदा. सर बाकाची कड धरून उभे होते.

शेवटचा बॉल माझ्याकडे आला तेव्हा इंदू माझ्या पाठीमागे होती. वळून बघायला वेळ नव्हता. पण लाकडी जमिनीवर तिचे अनवाणी तळवे वाजले… एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही. म्हणजे ती हवेत होती. दोन सेट मला हेच ऐकू आलं नव्हतं. मी बॉल मागे सोडला, उंच.

तो सेट आम्ही घेतला. पुढचा हरलो, म्हणजे पाचातले तीन सेट गेले आणि सामनाही हरलो. पण संध्याकाळी वाचलेल्या यादीत इंदूचं नाव होतं. माझंही होतं. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

कोलंबोत पहिल्या सामन्याआधी आम्ही रांगेत उभ्या होतो. इंदूने मला कोपराने ढोसलं. "जा, मास्तरीणबाई. या वेळी आधी विचारून ये." मी जवळजवळ पळतच गेले…

आजही शेजारपाजारचं कुणी अर्ज नाहीतर कागद घेऊन 'जरा वाचून सांग गं' म्हणत आलं, की मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवते. इंदूने त्या दिवसाचं संघात कधी कुणाला सांगितलं नाही, सरांनाही नाही. म्हणून आज मीच सांगतेय.