वलणीतला उजेड

सगळ्यांना जयभीम आणि नमस्कार. अनुभव सांगायच्या आधी एक गुन्हा कबूल करते. तीन वर्षांपूर्वी मी आमच्या अख्ख्या गावाचं इंटरनेट विळ्यानं कापलं.

चुकून नाही हं... चांगला विचार करून कापलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भूत, भानामती, करणी यातलं काहीही मी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लोकांनी दाराला टांगलेली लिंबं काढून न्यायची, त्यांत खिळे आणि तांब्याची तार खुपसायची आणि वर्गात इवलासा दिवा लावून दाखवायचा, हा माझा आवडता धंदा. दोन घरची माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा पुढचं वाचून 'म्हातारीचं डोकं फिरलं' असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी तुमच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

आमचं गाव परभणी-जिंतूर रस्त्याला झरीपासून आत, फाट्यावरून चार किलोमीटर. नाव लिहीत नाही, कारण सूनबाई हे वाचणार आहे. घराच्या कुंपणाला लागून एक खांब, त्यावर काळ्या वायरीचं हे एवढं वेटोळं. मला वाटलं, कंत्राटदाराची उरलेली वायर, उचलून न्यायचा कंटाळा केला असेल. माझी वलणी तुटली होती, धुणं कुंपणावर वाळत होतं आणि शेरडं ओढत होती. तरी मी विज्ञानाची बाई. आधी तपासणी केली. स्टुलावर चढून साल तासलं, तर आत तांबं नाही, ॲल्युमिनियम नाही. नुसते केसासारखे बारीक रंगीत धागे. मग मी मनाशी सिद्धांत मांडला — धातू नाही म्हणजे वाहक नाही, वाहक नाही म्हणजे ती वायर नाही, आणि वायर नाही म्हणजे ती दोरी. चार वाव दोरी कापली, अंगणातल्या कडुलिंबापासून खिडकीच्या गजापर्यंत बांधली आणि त्यावर लुगडं वाळत घातलं. इतकी खूश होते मी त्या दिवशी, काय सांगू.

दोन दिवस गाव ठप्प. तिसऱ्या दिवशी झरीहून अल्ताफ आला. कंपनीच्या लाईनी जोडणारा हा माणूस, चाळिशीचा, शांत डोक्याचा. त्यानं खांबाकडे पाहिलं, माझ्या वलणीकडे पाहिलं आणि लुगडं बाजूला सारून कापलेलं टोक हातात घेतलं. मग म्हणाला, मावशी, यातून करंट नाही, उजेड पळतो. मी त्यालाच ऐकवलं, की प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, वळणं घेत नाही, आणि हे मी तेहतीस वर्षं पोरांना लिहून दिलंय. त्यानं खिशातून पेनासारखी लाल बॅटरी काढली, कापलेल्या धाग्याचा एक तुकडा तिला जोडला आणि तो माझ्या बोटाभोवती गुंडाळला. दुसऱ्या टोकाला लाल ठिणगी उमटली. उजेड माझ्या बोटाला वळसा घालून बाहेर आला होता.

"जाऊ द्या," तो म्हणाला, "आता ही कशाच्याच कामाची न्हाई. तुमच्याकडंच ठेवा, कपडे वाळवा."

इथवर हसायला हरकत नाही. पुढचं मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही. ज्या दिवशी मी वायर कापली, नेमक्या त्याच दिवशी माझी सून सुषमा पुण्याच्या एका कंपनीशी ऑनलाइन बोलणार होती. गावातल्या बायकांना कॉम्प्युटरवरचं काम मिळवून द्यायचं होतं. बोलणं झालंच नाही, काम दुसरीकडे गेलं. त्या कामाच्या आशेवर शीला बसली होती. शीला माझीच विद्यार्थिनी. नवरा नाही, एक मुलगी. काम गेल्यावर ती कारखान्यावर उसाला गेली, सातवीतल्या पोरीला सोबत घेऊन. पोरीची अर्धी सातवी उसाच्या फडात गेली. परत आल्यावर शीला मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सुषमा मात्र चिवट. दोन वर्षं खटपट करून तिनं बुद्धविहाराच्या मागच्या वाचनालयाच्या खोलीत नऊ कॉम्प्युटर बसवले. आता तिथं गावातल्या सगळ्या आळ्यांतल्या नऊ बायका बसतात. काम काय, तर शेतांचे फोटो येतात आणि त्यात पीक कुठलं, तण कुठलं, पानावर मावा आहे की तुडतुडे, हे गोल करून दाखवायचं. त्यावरून म्हणे मशीन शिकतं. आयुष्यभर खुरपणी केलेल्या बाया आता मशीनच्या मास्तरणी झाल्यात. शीलानं तर पहिल्याच आठवड्यात कंपनीची चूक काढली. हराळी म्हणून तिकडून आलेला फोटो कुंद्याचा, म्हणजे वेगळ्याच तणाचा, निघाला. तिकडच्या साहेबानं तिला माफी लिहून पाठवली. तो मेल तिनं छापून घेतला आणि घरात आरशाशेजारी लावलाय.

या दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीनं आठवडाभराचं काम चाचणीसाठी दिलं. शनिवारी दुपारी तीनच्या आत सगळं पोचलं तर कायमचं काम. नाही पोचलं तर ते शहरातल्या सेंटरला जाणार, आणि या नऊजणींतली एकही रोज शहराला जाऊ शकत नाही. शीलाची पोर आता दहावीत आहे. शीलानं ऊसतोडीच्या मुकादमाला 'यंदा येत नाही' असं कळवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी अकराला लाईन गेली.

नळयोजनेची चारी खणताना जेसीबीनं फाट्याजवळ केबल चिरडली होती. मोबाईलचा टॉवरही त्याच केबलवर चालतो, म्हणून फोनही मेले. माझा मुलगा मोटरसायकल घेऊन झरीला पळाला आणि अल्ताफला घेऊन आला. अल्ताफनं चारीत उतरून पाहिलं आणि सांगितलं, टोकं चिखलानं भरलीत, साफ करून एकेक धागा जोडायचा म्हणजे साडेचारच्या आत शक्य नाही. कॉम्प्युटर उचलून झरीला न्यावेत, तर तेही नाही. काम कंपनीच्या वेबसाईटवरच केलेलं, शेवटचं पाठवायचं राहिलेलं. मशीन बंद केलं की पाठवायचं राहिलेलं सगळं पुसलं जातं. मशिनं इन्व्हर्टरवर चालू, बायका समोर बसलेल्या, पडद्यावर एक चक्र नुसतं गोल फिरतंय.

मी तिथं जाऊन चार सल्ले दिले. पाचव्याला सुषमा हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी घरी जा. इथं तुमाला बघितलं की मला ते वेटोळंच आठवायलंय."

गेले.

मला अस्वस्थ वाटलं की मी धुणं काढते. बादलीभर कपडे पिळले आणि दोनच्या सुमाराला वाळत घालायला गेले. लख्ख ऊन होतं. वलणी तीच. तीन वर्षांत उन्हानं तिचं साल फाटलंय आणि लिंबाकडच्या गाठीपाशी आतले धागे बाहेर आलेत.

ते धागे लाल दिसत होते.

आधी वाटलं, कपड्याचा रंग लागला. मग वाटलं, ऊन चमकतंय. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा डोळ्यांवरही शंका घेतली. हाताचा आडोसा केला. सावलीत तो लाल उजेड जास्तच उठून दिसला. मी ओलं पांढरं लुगडं त्या गाठीवर टाकलं, तर लुगड्याच्या दोन पदरांतूनही तो दिसतच राहिला. लहानपणी बॅटरीवर तळवा दाबला की बोटं आतून लाल दिसायची ना, तसा.

मी ओरडले नाही. कुणाला बोलावलंही नाही. वायर कापणारी बाई आता म्हणतेय की वलणी पेटलीय... कोण विश्वास ठेवणार? मी विज्ञानाची बाई होते तशी वागले. निरीक्षण केलं. वलणीच्या कडेकडेनं खिडकीपर्यंत चालत गेले. गजाला मारलेली गाठ, त्यापुढं लोंबणारं वीतभर टोक, त्याला काही जोडलेलं नाही. खांबापासून वलणी दहा हात लांब. लोंबणाऱ्या टोकाखाली तळवा धरला, तर तळव्यावर लाल ठिपके पडले. ऊब नव्हती. ठिपके थरथरत होते, इतक्या वेगानं की डोळ्यांपेक्षा कातडीलाच ते जास्त कळत होतं. जणू त्यांतून कुणीतरी घाईघाईनं खूप बोलत होतं.

घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

मी कशालाही हात जोडत नाही, पण त्या वेळी माझा दुसरा हातही आपोआप त्याच्याखाली गेला. गळतीखाली भांडं धरावं तशी मी दोन्ही तळवे धरून उभी राहिले. भीती अजिबात वाटली नाही. वाटलं ते एवढंच की हे फार मोठं आहे, आणि ते माझ्या मुलाच्या हाफपँटीखालून चाललंय. हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. साधारण अडीचला उजेड विझला. धागे पुन्हा मळके झाले.

तशीच विहारात गेले. तिथं चहा चालला होता. नऊच्या नऊ पडद्यांवर हिरवी खूण.

"बाई, गेलं सगळं," शीला म्हणाली. तिनं मला ओढतच तिच्या पडद्यापुढं नेलं. "अल्ताफभाऊनं साडेचार सांगितलं, अन् दोनलाच जोडली बघा. सव्वादोनपासून एकेक जायला लागलं, अडीचला शेवटचं माझं गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "पन बाई, नेटच्या डब्ब्यावरचा लाल दिवा तर तसाच लागलेला हाय. लाईन नसली की लागतो ना तो?"

मी म्हटलं, असेल बिघडलेला. खोटं बोलले मी.

पाचच्या सुमाराला अल्ताफ चिखलानं माखलेला आला. सुषमानं त्याला चहा दिला आणि दोनलाच जोडून दिल्याबद्दल आभार मानायला लागली. तो म्हणाला, वहिनी, शेवटचा धागा मी चार चाळीसला जोडला, दोन वाजता तर दोन्ही टोकं माझ्या हातात होती. सगळ्या हसल्या. तो हसला नाही. त्यानं धागे जोडायच्या त्याच्या मशीनमधली वेळ दाखवली. मग कुणीच हसलं नाही.

घड्याळ चुकलं असेल म्हणावं, तर सोमवारी कंपनीचा मेल आला. काम मिळालं, आणि शेवटची फाईल दोन एकतीसला पोचल्याचं तिकडच्या नोंदीत होतं. मोबाईलवरून गेलं म्हणावं, तर टॉवर मेलेला. दुसरीकडून लाईन फिरते का, म्हणून अल्ताफनं वरच्या साहेबांना विचारलं. आमच्या गावाला दुसरी लाईनच नाही.

पण त्या शनिवारी संध्याकाळी, तो निघायच्या आधी, मी त्याला बाजूला घेऊन वलणीचं सांगितलं. त्यानं माझी थट्टा केली नाही. थेट घरी आला, लिंबाजवळची गाठ पाहिली, खिडकीकडचं टोक पाहिलं. उजेड मोजायचं यंत्र लावलं, काही नाही. मग तीच पेनासारखी लाल बॅटरी धाग्यांना एकेक करून लावली. दुसऱ्या टोकाला एकाही धाग्यातून ठिपकाही उमटला नाही. धुण्याच्या ओझ्यानं धागे आत जागोजाग तुटले होते. हिच्यातून उजेड जाऊच शकत नाही, असं तो म्हणाला, आणि मग तेच पुन्हा एकदा, जरा हळू, स्वतःशीच म्हणाला.

मी काय शिकवलं आणि काय पाहिलं याचा मेळ मला आजही घालता आलेला नाही. तुमच्यापैकी कुणी या लाईनीतलं असेल तर कळवा... माझी चूक काढलीत तर मला आनंदच होईल, सवय आहे.

अल्ताफनं सामान पिशवीत भरलं. मी विचारलं, मग काढून टाकू का ही वायर, नवी दोरी आणते. तो फाटकापर्यंत गेला, थांबला, मागं वळून लिंबाकडे पाहिलं आणि म्हणाला,

"मावशी, ही वायर मेलेली हाय, पायजे तर लिहून देतो. कपडे वाळवा, काय बी करा... पन तेवढी गाठ सोडू नका."