डिकीतलं चाळीस लिटर पाणी

नेवाळीला जायचं ठरवलं ते आप्पांनी, आणि तेही माझी गाडी मोडीत काढायला. ट्रॅकवर गाडी पळवायची स्वप्नं बघणारी तरुण मंडळी हल्ली मला विचारतात, मागची चाकं सुटली की सावरायचं कसं, तुम्ही शिकलात कुठे? त्यांच्यासाठी ही नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यातल्या दोन दिवसांची हकिगत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आप्पा त्याच भागातल्या दुसऱ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर, आणि घरीही चोवीस तास सेफ्टी ऑफिसर. गाडी म्हणाल तर दोन सीटची लालभडक स्पोर्ट्स कार. एका भंगार मोटारीची चासी, दुसरीचं इंजिन आणि वर फायबरची बॉडी. बॉडीचं ड्रॉइंग माझं, हात उल्हासनगरच्या मेकॅनिक लछूभाईंचा. दीड वर्षातले सगळे रविवार मी तिच्यात घातले होते. जोर मागच्या चाकांना, त्यामुळे वळणावर जरा घाई केली की मागचा भाग बाहेर पळायचा. पुस्तकात त्याला ओव्हरस्टिअर म्हणतात. अंबरनाथच्या एका वळणावर भर दुपारी ती अशी गर्रकन फिरली, की मी जिथून आले तिकडेच तोंड करून उभी. नशिबाने रस्ता रिकामा होता. पण आप्पांना कळायला संध्याकाळ व्हावी लागली नाही.

आप्पांनी कारखान्यातला नियम घरी लावला. मोकळ्या जागेवर तीन चाचण्या. तिन्ही वेळा गाडी फिरली, तर सोमवारी ती लछूभाईंच्या शेडमध्ये परत जाणार आणि तिचे सगळे भाग सुटे होणार. "नंदू, तू माझी एकच मुलगी आहेस. गाड्या खूप आहेत," एवढंच ते म्हणाले. मी रडले, भांडले, एक वेळ जेवले नाही, आणि मग कबूल झाले.

गाडी तपासायला लछूभाईंकडे दिली होती, ती घ्यायला शनिवारी उल्हासनगरला गेले. लछूभाईंनी मागचे टायर तपासले, हवा मोजली, आणि त्याआधी दाल-पकवान खायला लावलं. उल्हासनगरला गेलात तर सकाळीच जा आणि हे खाल्ल्याशिवाय परतू नका. त्यांच्या शेजारच्या जीन्सवाल्याने विचारलं की ही गाडी फॉरेनची का. लछूभाई गंभीरपणे म्हणाले, "हां, कॅम्प चार की," म्हणजे उल्हासनगरच्याच चार नंबरच्या वस्तीची. तिथून बदलापूरपर्यंत मी इतकी जपून चालवली की एका टांगेवाल्याने मला ओव्हरटेक केलं.

रविवारी पहाटे उठून सरळ नेवाळीला जायचं, तर आप्पांनी आधी बारवी धरणाचा रस्ता धरायला लावला. बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत नळाला दिवसाआड पाणी, आणि त्या आठवड्यात तेही गायब. त्यामुळे धरणाच्या बाजूला कुणीही चाललं की कॅन घेऊनच जायचं, ही गावाची सवय. शिवाय आप्पांचं शास्त्र होतंच: मागे वजन असलं की गाडी बसते. बारवीच्या अलीकडे भातखाचरांच्या कडेला एका पाड्यावर हातपंप होता. तिथे वीस लिटरचे दोन कॅन भरून आम्ही डिकीत उभे केले. तिथल्या एका आजीने गाडीभोवती फेरी मारली आणि आप्पांना विचारलं, "पोरीची गाडी हाय का? मग तुमी शेजारी कशापायी बसलाव?" आप्पा डिकी नीट लागली का ते बघायला वळले. मी मात्र खूश. सकाळचं कोवळं ऊन, डोंगरावर धुकं, आणि आपण बनवलेल्या लाल गाडीत आपण. आजचा दिवस वाईट जाणं शक्यच नाही, असं मला ठामपणे वाटत होतं.

परत बदलापूर, मग काटईच्या रस्त्याने नेवाळी. तिथे महायुद्धाच्या काळातली ओसाड धावपट्टी होती. त्या वेळी तिच्यावर गुरं चरायची आणि पोरं क्रिकेट खेळायची. (आता तिथे जायचा विचारही करू नका. रीतसर ट्रॅक झालेत, तिथे हेल्मेट घालून जा.) लछूभाईंच्या ओळखीची पाच-सहा गाडीवेडी मंडळी महिन्यातून एका रविवारी तिथे जमत. रिकामे ड्रम आणि जुने टायर मांडून वळणं आखलेली. कडेला वडापावचा एक टोपलीवाला. वडा गरम, चटणी जहाल. आप्पांनी खिशातून शिट्टी काढली तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला.

पहिली चाचणी. सरळ रस्त्यावर गाडी काय सुटली म्हणता. डाव्या वळणात शिरले, मागचा भाग उजवीकडे निसटला, मी घाबरून ब्रेक दाबला आणि धावपट्टी, ड्रम, आप्पा, वडापाववाला सगळे ओळीने काचेसमोरून गेले. शिट्टी वाजली. आप्पांनी वहीत फुली मारली.

दुसऱ्या वेळी त्या मंडळींबरोबर आलेले लछूभाई शेजारी बसले. वळणाआधीच त्यांनी सांगितलं, "बेटी, तू डरके ॲक्सिलरेटरवरून पाय उचलते. पाय उचलला की वजन पुढे येतं, मागचं टायर हलकं होतं, पिछवाडा भागतो. ब्रेक बिलकुल नाही. पिछवाडा उजवीकडे गेला तर स्टिअरिंग उजवीकडे. और नज़र जिथे जायचं तिथे."

मी सगळं तसंच केलं. गाडी सावरली, मग उलट्या बाजूला हेलकावली, आणि पुन्हा फिरली. दुसरी फुली. गाडी थांबली तरी मागून डुचुक डुचुक आवाज येत होता. लछूभाईंनी कान टवकारले, उतरून डिकी उघडली, आणि बराच वेळ आत बघत राहिले. एका कॅनचं झाकण सैल होऊन थोडं पाणी सांडलं होतं, त्यामुळे उरलेल्याला डुलायला जागाच जागा.

लछूभाईंनी आप्पांना समजावलं ते हातातला वडापाव डोलवून. मागच्या चाकांच्याही मागे एवढं वजन, तेही हलणारं. गाडी एकदा वळली की ते तिला ओढतच नेतं. आप्पा ऐकत उभे राहिले. मला वाटलं, आता सेफ्टीवर भाषण होणार. घरात कुणी तांब्याभर पाणी जास्त सांडलं तर दिवसभर बोलणारे आप्पा. त्यांनी वही खाली ठेवली, एक कॅन उचलला, धावपट्टीच्या कडेच्या वाळक्या गवतात उपडा केला, आणि मग दुसरा. जवळजवळ चाळीस लिटर. 

"चूक माझी होती," आप्पा म्हणाले. "पण दोन्ही फुल्या तशाच राहतील. जा."

तिसऱ्या चाचणीत मागचा भाग पुन्हा सुटला. पाणी नव्हतं म्हणून चमत्कार झाला नाही. पण या वेळी सुटला तो हळू, मला विचार करायला वेळ देऊन. पाय जागचा हलवला नाही. स्टिअरिंग उजवीकडे, नजर पुढच्या ड्रमवर. गाडी तिरकी घसरत राहिली, मग तिला चाकांखालची जमीन सापडली, तसं मी स्टिअरिंग लगेच सरळ केलं. ती हेलकावली नाही. वळणातून नाकासमोर बाहेर आले तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होते आणि हसणं थांबतच नव्हतं. आप्पा शिट्टी वाजवायची विसरले होते. त्यानंतर मी अकरा वेळा ते वळण घेतलं. शेवटच्या तीन वेळा आप्पा शेजारी होते, दोन्ही हातांनी दार धरून, डोळे उघडे ठेवून.

दुपारी घरी पोचलो. दारातच आईने रिकामे कॅन पाहिले आणि पाणी कुठे म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "नंदूच्या कामी आलं."

पुढे ती गाडी सहा वर्षं टिकली. मी त्यानंतर बऱ्याच चांगल्या ट्रॅकवर गेले आणि बऱ्याच चांगल्या गाड्यांत बसले. अजूनही सुरू करण्याआधी उतरून डिकी रिकामी आहे ना ते बघते, आणि दर वेळी मला ते वाळकं गवत दिसतं.

नेवाळीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आप्पा स्वतः दोन्ही कॅन घेऊन मांजर्लीच्या हातपंपावर रांगेत उभे होते. मी कामावर निघाले तेव्हा ते दोन्ही हात हवेत धरून पुढच्या माणसाला शिकवत होते, की मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टिअरिंग उजवीकडेच फिरवायचं, आणि घाबरून पाय उचलायचा नाही.