अप्पांच्या उंचीची गाडी

वेंकोजीरावांची गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती भंगारातून उचलून आणलेली वाटली, आणि मी तसं बोलूनही गेलो. पुण्याहून बदली होऊन म्हैसूरला आलो होतो, जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्या शेजारी राहायला लागून आठवडाही झाला नव्हता. त्यांनी राग मानला नाही. म्हणाले, "अप्पा चढतात हिच्यात. आपले आपण."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील, अंबाजीराव. नव्वदीला टेकलेले. घराणं म्हैसूरच्या जुन्या शिलेदारांचं. तरुणपणी बन्नूरकडच्या उसात रानडुकरं मारली, शिकारबंदीचा कायदा आला तशी बंदूक जमा केली आणि हातात गळ घेतला. पुढे पडून खुबा मोडला, गुडघा वाकेना. साध्या गाडीत त्यांना पोत्यासारखं कोंबावं लागे, म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. तेव्हा हेब्बाळच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या वेंकोजीरावांनी कोडगूच्या एका कॉफी मळ्यातून ही जुनी उंच गाडी आणली. अप्पा दारावरची मूठ धरत, चांगला पाय पायरीवर ठेवत आणि एक झोका घेऊन सीटवर बसत. कुणी हात लावायचा नाही. मी एकदा शहाणपणा करून हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने असं पाहिलं की मी तो खिशात घातला.

दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. ही बंद पडली की अप्पा घरात बंद, हे वेंकोजीरावांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून ते बायकोपेक्षा हिला जास्त जपतात, असं सुषमावहिनी म्हणत.

त्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही तिघं गावाबाहेरच्या धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. पावसाळा कोरडा गेल्याने पाणी बरंच मागे हटलेलं, तळाच्या गवतावर गुरं चरत होती. अप्पांना सीटवर बसूनच गळ टाकता यावा म्हणून वेंकोजीरावांनी गाडी पार काठाला नेली. आभाळ निरभ्र होतं. कोडगूत मात्र दोन दिवस धो धो पडत होता आणि ते पाणी इकडेच येणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

निघायला गेलो तर मागची चाकं रुतलेली. मी म्हटलं, जॅक काढा, फावडं काढा. वेंकोजीराव खाली मान घालून उभे राहिले. खंडेनवमीला त्यांच्या घरी तलवारीशेजारी गाडीची सगळी हत्यारंही पूजेला बसतात, आणि कोजागरीपर्यंत ती पाटावरून हलवायची नाहीत असा रिवाज. चार दिवसांत काय होतंय, म्हणून हा गृहस्थ तसाच निघाला होता.

"जॅक देवापुढे आहे हो. ईग, आता काय करायचं?"

मी नको ते बोललो. मग दोघांनी डब्याच्या झाकणांनी चिखल उपसला. वेंकोजीरावांची नखं फाटली. चाकाखाली गवत घातलं, माझा कोट घातला, गाडी आणखी खचली. मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन एका ट्रॅक्टरवाल्याला गाठलं, तो म्हणाला दुपारी येतो. परत आलो तर पाणी चढून पायरीला लागलेलं आणि वेंकोजीराव त्यात गुडघे टेकून अजून हातांनी उकरत होते. मी ओरडलो, आधी माणूस काढा. ते ऐकेनात. "ही गेली तर अप्पा गेले," एवढंच परत परत म्हणत राहिले.

पाणी सीटच्या खाली आलं तेव्हा कुठे त्यांनी वडिलांपुढे पाठ वाकवली. अप्पांनी मूठ घट्ट धरून ठेवली होती. "बेडा. नको. माझा मी उतरतो," म्हणाले, पण पाय हलेना. त्यांची बोटं एकेक करून मीच सोडवली. असलं घाणेरडं काम मी आयुष्यात केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. इंजिनात गाळ भरला होता. मेकॅनिकने हात जोडले.

पुढच्या आठवड्यात अप्पांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी माझी छोटी गाडी त्यांच्या फाटकाशी लावून दार उघडलं. अप्पा आले. त्या बुटक्या सीटकडे बराच वेळ पाहत राहिले. हात वर गेला, छपराची कड चाचपली आणि खाली आला. आम्ही दोघं दूरच उभे होतो, नेहमीप्रमाणे.

मग ते मुलाकडे न बघता म्हणाले, "उचल रे."

वेंकोजीराव पुढे झाले नाहीत. त्यांनी फाटक धरलं आणि लहान पोरासारखे रडू लागले. अप्पा हात थोडे पसरून, उचलण्याची वाट पाहत तसेच उभे राहिले.